चपला बाहेर, मेंढ्या आत

जगात जे काही बरंवाईट घडलं ते मेंढीमुळे घडलं, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे आणि तो नेमका अशा ठिकाणी राहतो, जिथे स्वेटर फक्त पर्यटकांच्या अंगावर दिसतो. आमचं गाव रेवदंड्याच्या अलीकडे, समुद्राला लागून. इथे पौषातसुद्धा पंखा एकवर ठेवून झोपावं लागतं आणि कपाटातली शाल फक्त प्रवासाला निघताना आठवते. अशा गावात आमच्या शेजारचे चाचा गेली कित्येक वर्षं लोकरीचा इतिहास सांगत हिंडताहेत. चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे शाळासोबती. दोघे एका बाकावर बसले, दोघांनी एकाच गुरुजींच्या छड्या खाल्ल्या. पुढे बाबा त्याच शाळेत मास्तर झाले आणि चाचा कुवेतला गेले. आता मीही त्याच शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे चाचा मला नावाने हाक न मारता 'मास्तरणी' म्हणतात आणि आपल्या ज्ञानावर पहिला हक्क माझा आहे असं समजून सकाळी दूध तापायच्या आत कुंपणापाशी हजर होतात.

गावातले बाकीचे लोक आखातात गेले ते कुणी तेलाच्या कंपनीत लागले, कुणी हॉटेलात, कुणी ड्रायव्हर झाले. नारळाच्या सावलीत वाढलेल्या, बकरीलासुद्धा बिचकणाऱ्या आमच्या चाचांना काम मिळालं ते बंदरावर मेंढ्या उतरवून घेण्याचं. ऑस्ट्रेलियातून मजल्यांवर मजले चढवलेली जहाजं यायची आणि त्यांतून हजारांनी मेंढ्या उतरायच्या. त्यांना रांगेनं गोठ्यापर्यंत न्यायचं, पाणी दाखवायचं, लंगडी असेल ती बाजूला काढायची, एवढं चाचांचं काम. तेवीस वर्षं त्यांनी मेंढ्यांना 'या, बसा' केलं. त्यातच एका जहाजावरच्या गोऱ्या मेंढपाळानं नोकरी सोडताना त्यांना मेंढ्यांच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक दिलं. त्याचं मुखपृष्ठ गेलेलं, मधली काही पानं बहुधा एखाद्या मेंढीनेच खाल्लेली. चाचा इंग्रजी शिकले ते या पुस्तकावरून. त्यामुळे त्यांचं इंग्रजी मेंढीपुरतं अस्खलित आहे. पासपोर्टच्या ऑफिसात बाईंनी 'नेम?' विचारलं तरी त्यांची बोबडी वळायची, पण मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीला बोटभर लांबीत किती वळ्या असतात, हे ते विलायती थाटात सांगतात.

एसटीच्या थांब्यावर उभी असलेली आमच्या शाळेची मुलं हा त्यांचा हुकमी श्रोतृवर्ग. "इंग्रज इथं कशाला आले रे?" असा प्रश्न टाकायचा आणि कुणी "मसाल्यासाठी" म्हणालं की मांडीवर थाप मारून म्हणायचं, "अर्धवट! मसाला न्यायला आले, कबूल. पण येताना जहाजात काय भरून आणलं? लोकरीचं जाड कापड! बनात! सुरतेच्या उन्हात! घेणार कोण? शेवटी हत्तीच्या पाठीवर झूल म्हणून घातली. हत्तीला बोलता येत नाही, म्हणून खपली." हे ऐकून परीक्षेत एका मुलाने 'इंग्रज भारतात का आले' याच्या उत्तरात 'हत्तीला कपडे विकायला' असं लिहिलं. इतिहासाच्या बाईंनी तो पेपर माझ्या टेबलावर आणून ठेवला, जणू चाचा माझ्याच खात्यात मोडतात. मी कुंपणापाशी जाऊन तक्रार केली तर चाचा गंभीरपणे म्हणाले, "अर्धा मार्क तरी दे म्हणावं. पोरानं विचार केलाय."

प्रसंग कोणताही असो, चाचांना त्यात लोकरीचा धागा सापडतोच. समोरच्या आळीतले एक आजोबा वारले, तेव्हा चाचा भेटायला गेले. सगळं घर सुन्न बसलेलं. चाचा खाकरले आणि म्हणाले, "विलायतेत एके काळी कायदाच होता. माणूस मेला की लोकरीच्याच कापडात गुंडाळून पुरायचा. नाहीतर घरच्यांना दंड." मी चाचांची बाही ओढली, पण उपयोग झाला नाही. आजोबांच्या बायकोने पदर डोळ्यांवरून खाली घेतला आणि विचारलं, "का बरं?" झालं. लोकरीचा व्यापार बुडू नये म्हणून राजाने मेलेल्यांनाही कसं गिऱ्हाईक केलं, ते चाचांनी अर्धा तास सांगितलं. मी घरी येऊन बाबांपुढे कपाळावर हात मारला. पण त्या घरच्या सुनेने नंतर मला सांगितलं की दोन दिवसांत सासूबाई रडायच्या थांबल्या त्या तेवढाच अर्धा तास.

त्यांची दुसरी खोड याहून धोक्याची. समोरच्याच्या अंगावरचं कापड दोन बोटांत धरून चुरगाळून पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नाही. लग्नात नवऱ्या मुलाला भेटताना सगळे हात मिळवतात. चाचा त्याच्या कोटाची कड धरतात, डोळे मिटतात आणि हळहळत म्हणतात, "यात मेंढी नाही." डिसेंबरात किनाऱ्यावर मुंबईचे पर्यटक हौसेने स्वेटर घालून फिरतात, तेव्हा तर चाचांना आवरणं मुश्कील. एकदा त्यांनी एका अनोळखी बाईंना वाळूतच थांबवून त्यांचा महागडा स्वेटर ॲक्रिलिकचा असल्याचं कळवलं होतं. बाईंचे यजमान भडकले. पण बाई मात्र यजमानांवरच भडकल्या, कारण तो स्वेटर त्यांनीच वाढदिवसाला दिला होता. चाचा बिडी-सिगारेटला शिवत नाहीत, तरी खिशात काडेपेटी असते, ती खऱ्या-खोट्याचा निवाडा करायला. लोकर जाळली तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि ती विझते. नकली धागा वितळून त्याचा मणी होतो. बाबांच्या निवृत्तीच्या सत्काराला अध्यक्षांनी शाल घातली आणि पहिल्या रांगेतून चाचा उठले. अभिनंदन करायला चाललेत असं समजून आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांनी मंचावर जाऊन शालीचा एक धागा ओढला, काडी पेटवली, धाग्याचा मणी झालेला सभेला दाखवला आणि माइक ओढून म्हणाले, "मास्तर, चाळीस वर्षं शिकवलंस आणि तुला प्लास्टिक पांघरलं!" अध्यक्ष पुढे कधी आमच्या गावात आले नाहीत. बाबा ती शाल अजून वापरतात. धागा ओढला तिथे एक सुरकुती पडली आहे, ती दाखवून पाहुण्यांना सांगतात, "ही माझ्या मित्राची सही."

स्वतः चाचा बारा महिने काळ्या लोकरीची बिनबाह्यांची बंडी घालतात. भर मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना ते सांगतात की लोकर उन्हाळ्यात थंड असते. "मग घाम कशाला येतोय?" असं चाचीने विचारलं की म्हणतात, "तो बंडीच्या बाहेरचा आहे." चाची ही या साऱ्या इतिहासाची खरी भोगणारी. चाचांनी कुवेतच्या कमाईतून बांधलेलं घर हे तिचं तीर्थक्षेत्र. पुढची खोली पांढऱ्या संगमरवराची. मधोमध झुंबर. सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच, त्यावर बसलं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. आणि लोखंडी कपाटात अकरा ब्लँकेटं, आखातातून येणारा प्रत्येक माणूस आणतो तसली. हातभर जाड, मऊसूत, कशावर वाघ, कशावर मोर, एकावर तर सिंहाचं अख्खं कुटुंब. आमच्या हवेत ती पांघरली तर माणूस सकाळपर्यंत शिजून निघेल, त्यामुळे ती फक्त दर ईदच्या आधी उन्हात घालून परत ठेवायची. चाचा त्यांच्याकडे बोट दाखवून "प्लास्टिकचे वाघ" म्हणत. पहिल्या सुट्टीला ती स्वतःच डोक्यावरून वाहून आणली होती, याची चाचीने आठवण करून दिली की त्यांना ऐकू कमी यायचं.

आता या सगळ्याला कोकणात खरीखुरी मेंढी कुठून मिळाली, ते सांगायला हवं. भातकापणी झाली की दरवर्षी घाटावरून धनगर खाली उतरतात. सोबत मेंढरं, दोन घोड्यांवर संसार, पोरंबाळं आणि कुत्री. रात्रीची मेंढरं शेतात बसवायची, शेताला लेंड्यांचं खत मिळतं आणि मेंढरांना चारा. एका कुटुंबाचा मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या चाचांच्या रस्त्यालगतच्या भातखाचरात असे. त्यांची कर्ती बाई हौसाबाई. साठीच्या पुढची, काटक, कपाळावर गोंदण आणि बोलणं असं की चाचांच्या एका तासाला तिचं एक वाक्य पुरे. चाचा कायमचे गावी परत आले त्या वर्षी खाचरात जाऊन त्यांनी तिला मेंढ्यांचा इतिहास सांगायला सुरुवात केली. स्पेनच्या राजाने मेरिनो मेंढी देशाबाहेर नेणाऱ्याला मरणाची शिक्षा ठेवली होती, इथपर्यंत ते आले तेव्हा हौसाबाई म्हणाली, "आमची कुनी फुकट बी न्हेत न्हाय." चाचांना ती बाई त्याच क्षणी आवडली.

एका वर्षी चाचांनी पाहिलं की धनगरांनी मेंढरं कातरली आणि लोकरीचा ढीग बांधाच्या खाली टाकून दिला. काळी, राठ, ओंजळी-ओंजळीने पडलेली लोकर. चाचा धावत माझ्याकडे आले. एखाद्याच्या घरी चोरी झाल्यासारखा चेहरा. मला ओढत खाचरात नेलं आणि हौसाबाईला म्हणाले, "अहो, हे काय करता? यावर राज्यं उभी राहिली!"

"आमच्याकडं त्यावर कुत्री निजत्यात," हौसाबाई म्हणाली. "पूर्वी सनगर दारात यायचा, घोंगडी विणायला न्यायचा. आता कोन इचारतंय? पोरास्नी बी ती फुलाफुलाची ब्लँकेटं पायजेत."

त्या दिवशी चाचांनी तीन पोती लोकर घरी आणली. त्या वासाने चाची उंबऱ्याबाहेर आली आणि पोती उंबऱ्याबाहेर राहिली. मग ती धुवायची म्हणून चाचा खाडीवर घेऊन गेले. ओल्या लोकरीचं वजन किती होतं, हे त्या जाडजूड पुस्तकात नसावं. पाण्यातून एक पोतं बाहेर काढताना ते पोत्यासकट आत गेले आणि दोन कोळणींनी त्यांना ओढून काढलं. वाळवायला जागा नाही म्हणून त्यांनी बोंबील सुकवायच्या बांबूच्या मांडवावर, सुकत्या बोंबलांच्या शेजारी लोकर पसरली. चार दिवसांनी चाचा पोती घेऊन गावात शिरले तेव्हा मागे रेवदंड्यातली निम्मी मांजरं होती. मग ती पोती एसटीच्या टपावर टाकून ते घाट चढून गेले. हौसाबाईने पत्ता दिलेल्या गावी एक म्हातारा विणकर सापडला, त्याचा माग अजून चालू होता. महिन्याभराने घोंगडी आली. काळीभोर, भक्कम आणि बोंबलाच्या वासाची. ती ओट्यावर अंथरून चाचा बादशहासारखे बसायचे. शेजारी कुणी बसत नसे, त्यामुळे त्यांना ऐसपैस जागा मिळायची.

पुढल्या वर्षी त्यांच्या मनाने उडीच घेतली. गावातल्या प्रत्येक घरात एक घोंगडी! पण विणकराचा निरोप आला की डोळे गेले, हात थरथरतात, संक्रांतीनंतर माग मोडून मुलाकडे पुण्याला जाणार. लोकर द्यायची तर त्याआधी. चाचा तेव्हापासून बेचैन. मार्गशीर्ष चालू होता, हौसाबाईचा मुक्काम नुकताच पडला होता. मी शाळेतून येत होते तेव्हा दोघं बांधावर उभी होती.

"एवढ्यात न्हाय कातरायची," हौसाबाई सांगत होती. "गारठा हाय अजून. हवा बी न्यारीच दिसती."

"कोकणात कसला गारठा!" चाचा हसले. "तेवीस वर्षं मेंढ्या पाहिल्यात मी, लाखांनी. आमच्याकडे यायच्या त्या कातरूनच जहाजात चढवलेल्या. काही होत नाही. उलट मोकळं वाटतं त्यांना."

हौसाबाई आभाळाकडे बघत राहिली, मग खाचराकडे, मग चाचांकडे. "बरं," एवढंच म्हणाली. मी तिथेच होते. मी विज्ञान शिकवते, मला काही बोलता आलं असतं. मी बोलले नाही, कारण चाचांचा चेहरा शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलासारखा झाला होता.

दोन दिवसांत निम्मा कळप कातरून झाला. चौथ्या दिवशी सकाळपासून समुद्रावरून विचित्र वारं सुटलं. दहा वाजता दिवे लावावे लागले आणि अकराला अवकाळी पाऊस आला तो सरळ न येता आडवा आला. आम्ही शाळा सोडून दिली. घरी पोचून केस पुसते आहे तोच कुंपणापाशी चाचा दिसले. छत्री नाही, पायात चप्पल नाही. "मास्तरणी, ये," म्हणाले. "काही विचारू नको, ये."

खाचरात घोटाभर पाणी झालं होतं. लोकर असलेली मेंढरं अंग चोरून वाऱ्याकडे पाठ करून उभी होती. कातरलेली मात्र एकमेकांत घुसत होती, थरथरत होती, आणि मधेच एखादी गुडघे मोडून चिखलात बसत होती. बसलेली उठत नव्हती. हौसाबाई आणि तिचा मुलगा ताडपत्री बांधत होते आणि वारा ती उडवत होता. चाचांनी एक मेंढी उचलली. सत्तरीला आलेला माणूस, बकरीला बिचकणारा. मी दोन कोकरं घेतली आणि त्यांच्या मागे धावले.

चाची दारात उभी होती. मागे पांढरा संगमरवर, झुंबर, सोफा. समोर चिखलाने माखलेला नवरा आणि त्याच्या हातात मान टाकलेली मेंढी. मला वाटलं, आता इथे काय ते होईल. चाचीने मेंढीकडे पाहिलं, मग आमच्या पायांकडे, आणि म्हणाली, "चपला बाहेर. मेंढ्या आत."

पुढच्या दोन तासांत त्या खोलीत चाळीसएक मेंढ्या आल्या. संगमरवरावर त्यांचे पाय चारी दिशांना घसरायचे, त्यामुळे त्या आत येताना चालत येत आणि झुंबराखाली पोचताना बसलेल्या असत. चाचीने सोफ्याचं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि खाली अंथरलं. चाचांनी मागच्या पडवीतून कातरलेल्या लोकरीची पोती ओढत आणली, तोंडं कापली आणि ती सगळी लोकर मेंढ्यांच्या अंगाखाली, पोटाशी, पाठीवर पसरली. ज्यांची होती त्यांना परत. ती पुरेना तेव्हा चाचीने लोखंडी कपाट उघडलं. एकेका वाघाखाली चार-चार मेंढ्या. सिंहाचं कुटुंब तीन कोकरांवर पांघरलं, त्यांची तोंडं बरोबर सिंहाच्या पंजातून बाहेर आली होती. हौसाबाई आत आली, हे दृश्य पाहून तिथेच थबकली आणि त्या तसल्या वेळीही तिच्या तोंडातून निघून गेलं, "आगं बया! लांडग्याच्या घरात पाठवली व्हय मी?" चाची हसली. मग दोघी मिळून गुळाचं कोमट पाणी करून मेंढ्यांच्या तोंडात घालायला बसल्या. बाबाही आले आणि सत्काराची शाल घेऊन आले.

चाचा मात्र कुणाकडे पाहत नव्हते. कोपऱ्यात एक मेंढी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी अंगातली बंडी काढून तिला चोळायला घेतलं होतं. पाठ, पोट, पाय, पुन्हा पाठ. मी जवळ गेले आणि मला दिसलं की मेंढी केव्हाच गेली आहे. चाचा चोळतच होते. त्यांना बंडीशिवाय मी पहिल्यांदाच पाहत होते. आत एवढा किरकोळ माणूस असेल असं वाटलं नव्हतं. शेवटी बाबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि शाळेतल्या हाकेने म्हणाले, "सोड आता."

संध्याकाळी पाऊस ओसरला. पाच मेंढ्या गेल्या, बाकीच्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा खाचरात गेले, मीही गेले. हौसाबाई ओलं सरपण पेटवायच्या खटपटीत होती.

"चूक माझी आहे," चाचा म्हणाले.

"कातर माज्या हातात व्हती," हौसाबाई वर न बघता म्हणाली.

"पण रान माझं होतं. तुम्हाला नाही म्हणता आलं नाही."

हौसाबाईने फुंकणी खाली ठेवली. ते खोटं आहे असं ती म्हणाली नाही. मग म्हणाली, "बसा. च्या ठिवते."

दोघांनी चहा घेतला. त्यानंतर चाचांनी लोकर हा शब्द टाकला. विणकराकडे पोती गेली नाहीत, माग मोडला, म्हातारा पुण्याला गेला. एसटीच्या थांब्यावर चाचा नुसते उभे राहू लागले. लग्नाला गेले तर नवऱ्याशी हात मिळवून सरळ जेवायला बसत. "चाचांची तब्येत बरी नाही का?" असं कंडक्टरने मला विचारलं. इतिहासाच्या बाईंनीही विचारलं. मुलांचे पेपर कोरडे येऊ लागले. चाची, जिने सगळी वर्षं 'पुरे करा ते मेंढीपुराण' म्हणत काढली, ती एकदा कुंपणापाशी हळूच मला म्हणाली, "घरात कुणी बोलतच नाय गं. भांडू कुणाशी?"

पुढच्या वर्षी भातं निघाली, घोड्यांच्या घुंगरांचा आवाज आला, खाचरात मुक्काम पडला. चाचा घरातच. मी दोनदा सुचवलं, तर "गुडघा दुखतोय" म्हणाले. तिसऱ्या दिवशी हौसाबाईच त्यांच्या दारात उभी राहिली. चाचीने आत ये म्हटलं, तशी तिने आपण होऊन वहाणा बाहेर काढल्या.

"म्हातारं कुटं गेलं?" तिने विचारलं. "तीन दिस झालं, कुनी शिकवाया आलं न्हाय आमास्नी."

चाचा आतून बाहेर आले. "आता काय शिकवू?" म्हणाले.

"मंग शिका," हौसाबाई म्हणाली आणि चालू लागली. चाचा अनवाणीच तिच्या मागे गेले.

त्या दिवशी मी बांधावर उभी राहून पाहिलं. हौसाबाई एक मेंढी दोन्ही गुडघ्यांत धरून बोलत होती आणि चाचा ऐकत होते. लोकरीत बोट कसं घालायचं, बोट कातडीला टेकलं की लोकर कितव्या पेरापर्यंत येते ते कसं बघायचं, वारं कुठून आलं की कातर उचलायची नाही, कोणती मेंढी गारठा धरते आणि कोणती झेलते, सगळं. चाचांनी एकदाही तिला तोडलं नाही. एकदाच विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "सासूनं. तिला तिच्या सासूनं." चाचांनी मान हलवली. ते सगळा हिवाळा रोज जात राहिले.

यंदा हौसाबाई आली नाही. गुडघे बसले, घाट उतरवत नाही. मुलगा आणि सून मेंढरं घेऊन आले आहेत. रस्त्याच्या पलीकडच्या दोन्ही खाचरांना आता बंगल्यांची कुंपणं पडली, त्यामुळे मुक्कामाला चाचांचंच काय ते रान उरलंय. ते रान विकत घ्यायलाही माणसं येऊन विचारून जातात. चाची त्यांना सरबत देते, उत्तर मात्र चाचा देत नाहीत. दर शुक्रवारी दुपारी नमाजाहून आले की चाचा खाचरात जातात आणि हौसाबाईला फोन लावतात. मोठ्याने बोलतात, घाट चढून आवाज पोचवायचा असल्यासारखं, त्यामुळे आमच्या ओट्यावर सगळं ऐकू येतं. ती विचारते, कातरायची का. चाचा फोन कानाशी तसाच धरून एका मेंढीजवळ बसतात, डोळे मिटतात आणि तिच्या पाठीवरच्या लोकरीत हळूच बोट घालतात. पलीकडे ती थांबलेली असते, अलीकडे हे. मेंढी चरत असते. आणि मग चाचा म्हणतात, "नको, हौसाबाई. अजून आठ दिवस राहू देऊ अंगावर."